केळीच्या मातीतली रोझमेरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही — आणि यांच्यापासून माझं काही लपून राहत नाही, असा आमच्या घरात पक्का समज आहे. मुलांना नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून बसते तेव्हासुद्धा हे एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते. त्याला ठाऊकच असेल, असं मनाशी म्हणते आणि आरती घेते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. सोपं म्हणतेय खरं, पण कालपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा दूध बघायला उठले. दूध केव्हाच तापून निवलं होतं.

गोष्ट एका झाडाची आहे. म्हणजे झाडापासून सुरू होते.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी यांच्या बँकेतल्या चार कुटुंबांबरोबर आम्ही उटीला गेलो होतो. बाकीच्यांनी चॉकलेटं घेतली, निलगिरीचं तेल घेतलं. मी रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून रोझमेरीची दोन रोपं घेतली. सुईसारखी बारीक पानं, खालून पांढुरकी. चुरगाळली की कापूर आणि निलगिरी यांच्या अधलामधला वास. इंग्रजी स्वयंपाकात घालतात, एवढंच माहीत होतं. हे म्हणाले, जळगावच्या उन्हात हिची काडी होईल. मला तेवढं पुरलं. कुणी 'होणार नाही' म्हटलं की मला ते करायचंच असतं, हा माझा स्वभाव. त्याचं कौतुकही खूप झालेलं आहे.

पहिलं रोप पंधरा दिवसांत गेलं. दुसरं जगलं ते माझ्या हुशारीने नव्हे. तेव्हा आमच्या न्हाणीघराची दुरुस्ती निघाली होती, उरलेली वाळू आणि विटांचे तुकडे मागच्या भिंतीशी पडले होते. ते रोप मी त्या ढिगात खोचलं आणि मुलांना घेऊन माहेरी निघून गेले. तीन आठवड्यांनी परत आले तर पठ्ठी हिरवीगार. तिला कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी खत घातलं नव्हतं. सगळे तिला विसरले होते म्हणून ती वाचली होती.

मग मी तिचं सगळं शिकून घेतलं. गिरणा नदीची जाड वाळू दोन भाग, विटांचा चुरा एक भाग, पालापाचोळ्याचं जुनं खत मूठभर. काळी माती अजिबात नाही, कारण आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि हिची मुळं त्यात कुजतात. कुंडी मातीची, खाली ताटली ठेवायची नाही. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात अकरानंतर सावली. छाटणी हिरव्या भागातच, जून लाकडात कापली तर पुन्हा फुटत नाही.

बघा, किती भराभर सांगून टाकलं. दोन मिनिटंही लागली नसतील. एवढंच होतं ते.

चार-पाच वर्षांत आमच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना रोझमेरीच्या दोन मोठ्या कुंड्या झाल्या, कातरून कातरून गोल केलेल्या. थंडीत त्यांना फिकट निळी बारकी फुलं यायची आणि मधमाश्या घोंघावायच्या. येणारा-जाणारा थांबायचा. स्वयंपाकघरातही ती आलीच. बटाट्याच्या काचऱ्यांवर, लसणाबरोबर तेलात परतून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर. मुलांच्या मित्रांना वाटायचं, काकूंकडे पिझ्झा केलाय. हायवेवरच्या एका हॉटेलातला आचारी दर शनिवारी सायकलवरून येऊन दोन जुड्या घेऊन जायचा. हे पाहुण्यांना आधी फाटकाशी थांबवायचे आणि मग घरात आणायचे. कॉलनीत मला 'रोझमेरीवाल्या' म्हणू लागले. हसू नका — मला ते फार आवडायचं. मी काही शिकलेली नाही, गात नाही, नोकरी केली नाही. माझ्या नावापुढे लागलेलं हे पहिलंच काहीतरी.

आणि स्वयंपाकात माझा हात सामान्यच. हे इथे सांगायला हवं, कारण आता सुनंदा येते.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. माझे दीर प्रकाशभाऊ धुळ्याला असतात, सासूबाईही शेवटपर्यंत त्यांच्याकडेच होत्या. सुनंदाचं माहेर सावद्याचं, केळीवाल्यांचं घर. ती मला अक्का म्हणते. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिच्या हातच्या शेवभाजीसाठी माझे दोन्ही मुलगे परीक्षा सोडून धुळ्याला जायला तयार असायचे. सासूबाई तर कुणीही आलं की आपल्या अहिराणीत सांगायच्या, "सुनंदाना हातले चव शे." माझ्या काचऱ्या मी मोठ्या हौसेनं धुळ्याला नेल्या होत्या एका दिवाळीत. सासूबाईंनी एक तोंडात घातली आणि म्हणाल्या, "हाई काय टाकं वं? औषधना वास ई ऱ्हायना." सगळे हसले. सुनंदा हसली नाही. तिने ताटलीतल्या सगळ्या काचऱ्या खाल्ल्या आणि वर मागून घेतल्या.

तिची शेवभाजी शिकायची मी एकदा म्हटलं, तर तिने मला ओट्याशी उभं केलं, माझं मनगट धरून मसाला भाजून घेतला, काळा होईपर्यंत — 'अजून, अजून' म्हणत. रात्री आठवून आठवून सगळं कागदावर लिहून दिलं, लसणाच्या पाकळ्यांसकट. बायका पाककृती सांगताना एखादी गोष्ट हळूच गाळतात ना, तसलं तिच्यात काही नव्हतं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यात काही गाळलेलं नाही, मी तपासून पाहिलंय.

सुनंदाला मूल राहत नव्हतं. म्हणजे राहायचं आणि जायचं. एक पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं पूर्ण दिवसांचं झालं, मुलगी, आणि तीन दिवस जगली. त्या तीन दिवसांत सुनंदाने तिला दोनदाच हातात घेतलं होतं. बाकी वेळ ती काचेच्या पेटीत होती.

त्यानंतर उपचारांसाठी ती जळगावला यायची, आमच्याकडे दोन-दोन दिवस राहायची. दवाखान्यातून आली की चपला काढायच्या आधी फाटकाशी थांबायची, रोझमेरीवरून दोन्ही तळवे फिरवायची आणि ते तोंडावर धरून उभी राहायची. म्हणायची, दवाखान्याचा वास जातो. एकदा अशीच उभी असताना तिने मला एक रोप मागितलं.

मी रोप दिलं. छान मुळं धरलेलं, वीतभर उंच. ते मी चांगलंच दिलं, हे सांगते आहे ते माझ्या बाजूने नाही. चांगलं दिलं म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे.

रोप मांडीवर घेऊन तिने विचारलं, "अक्का, याले पानी किती द्याचं? केयीसारखं रोज?" केळीला ती केयी म्हणते, सावद्याकडचं बोलणं तिचं कधी सुटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे झाड म्हणजे केळी. केळीला पाणी रोज, खत वरचेवर, माती काळी कसदार. जन्मापासून तिने तेच पाहिलेलं.

मी एक क्षण थांबले. तो क्षण मला आजही हवा तेव्हा बोलावता येतो. खिडकीतून ऊन आलं होतं, आत धाकटा मुलगा काकू कधी वाढणार म्हणून भुणभुण करत होता. आज काकूच वाढणार, असं त्याने सकाळीच जाहीर केलं होतं. आणि मला वाटलं — हेही हिचंच होणार. हिच्या हाताला हेही येणार. धुळ्याच्या घराच्या गॅलरीत माझ्यापेक्षा मोठी रोझमेरी होईल, सासूबाईंना तिचा वास अचानक आवडायला लागेल, आणि माझं काय राहील?

मी म्हटलं, "हो. रोज घाल."

तिचा चेहरा असा खुलला! "मंग बाबाले सांगून वावरातली कायी माती आनते. पोतंभर."

मी म्हटलं, "उत्तमच."

एवढंच. मी तिच्या रोपावर विष ओतलं नाही, शाप दिला नाही. तिनेच विचारलं आणि मी हो म्हटलं. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — तिनेच विचारलं होतं. पण मला माहीत होतं ना? त्या कॉलनीत, त्या शहरात, बहुधा सबंध जिल्ह्यात हे ज्या थोड्या माणसांना पक्कं माहीत होतं, त्यातली मी एक होते. ती माहिती माझ्याकडे आहे म्हणूनच तर ती माझ्याकडे आली होती.

तिचे वडील सावद्याहून पोतं घेऊन एसटीने धुळ्याला गेले. सत्तरीचा माणूस. लेकीच्या कुंडीसाठी वावरातली माती.

रोझमेरीचं एक आहे. ती मेली तरी लगेच कळत नाही. आतून मुळं संपतात आणि वरची पानं तीन-तीन आठवडे हिरवी राहतात. सुनंदाचे फोन यायचे. हिरवीच आहे म्हणायची. मग एक दिवस म्हणाली, "हिरवीच हाय अक्का, पन बोट लावलं की पानं गयतात." मी समजले. गेली होती. मी म्हटलं, "पाणी कमी पडत असेल." — हे दुसरं. पहिलं नुसतं हो म्हटलं होतं, हे मी आपणहून सांगितलं. तिने सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला सुरुवात केली.

दुसरं रोप मी पुढच्या वर्षी दिलं. तिने मागितलं नव्हतं, तिला लाज वाटत होती. मीच नेलं. का नेलं? मला वाटतं, पहिल्याचं वाईट वाटत होतं म्हणून. पण मग तेव्हा तरी खरं सांगायचं ना! पाणी कमी घाल, वाळू घाल — एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तसं म्हटलं तर ती विचारणार, अक्का, मागच्या वेळी तर तुम्ही... आणि मला खाली बघावं लागणार. खाली बघावं लागू नये म्हणून मी दुसरं रोपही त्याच मातीत लावू दिलं. एका खोट्यावर दुसरं लिंपलं. या वेळी तिने केळीला घालतात ते पोटॅश खतसुद्धा घातलं, चमचाभर, मला विचारून. तेही गेलं.

तिसऱ्या रोपापर्यंत त्यांचे उपचार थांबले होते. प्रकाशभाऊंनी एका संस्थेत मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवलं होतं. कागदपत्रं झाली, घर बघायला बाई येऊन गेल्या. वाट बघायची होती, वर्ष लागेल किंवा दोन. सुनंदा जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवत होती. आमच्या घरातूनही तिने माझ्या दोन साड्या नेल्या. आणि त्याच सुमाराला तिने स्वतःहून तिसरं रोप मागितलं. या वेळी नवी कुंडी आणली होती, तिला गेरू लावला होता. उन्हाळ्यात त्या कुंडीवर ओल्या ओढणीची सावली करायची. दुपारी झोपायची नाही, ओढणी वाळली की परत भिजवायची. प्रकाशभाऊ हसत सांगायचे, घरात माझ्यापेक्षा त्या झाडाचे लाड जास्त आहेत.

ते पावसाळ्याच्या सुरुवातीला गेलं. सुनंदाने फोन केला. रडत नव्हती, पण आवाज बसला होता. म्हणाली, काय चुकतं अक्का माझं, तुम्ही सांगितलं तसंच तर केलं.

आता ते वाक्य. इथवर येईतो मी किती फिरले ते तुम्ही पाहिलंच आहे.

मी म्हटलं, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. काहींच्या हाताला नसतंच ते. तुझ्या हातात झाड जगत नाही म्हण आणि सोडून दे."

हसत म्हटलं. त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं, कुणाशी भांडण झालेलं नव्हतं, मी दमलेली नव्हते. चांगली जेवून उठले होते, एका हाताने पोळ्यांचा डबा लावत होते. जिला दोन लेकरं जगवता आली नव्हती तिला मी सांगितलं, की तुझ्या हातात जगत नाही. आणि मला हे बोलताना कळलंच नाही, असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. पण वाक्य अर्ध्यावर असताना मला कळलं होतं. मी ते पुरं केलं.

पलीकडून ती म्हणाली, "हो ना." आणि फोन ठेवला.

दीड महिन्यानंतर संस्थेचा फोन आला. मुलगी होती, सात महिन्यांची. येऊन बघून जा म्हणाले, कळवायला थोडे दिवस दिले होते. प्रकाशभाऊंनी पेढे आणले. सुनंदा म्हणाली, मला नको.

आधी कुणालाच खरं वाटलं नाही. घाबरली असेल, होईल ठीक, असं सगळ्यांना वाटलं. दोन दिवस झाले, तीन झाले. मग प्रकाशभाऊंचा मला फोन आला. एरवी माणूस मोजून मापून बोलणारा. म्हणाले, "वहिनी, तुम्ही या. ती कोणाचंच ऐकत नाहीये. तुमचं ऐकेल, तुमच्यावर फार विश्वास आहे तिचा."

मी सकाळच्या गाडीने निघाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी खिडकीशी बसून काय बोलायचं ते जुळवत होते. जुळवायचं काय होतं त्यात? 'सुनंदा, मी तुला खोटं सांगितलं होतं. ती माती चुकीची होती, पाणी चुकीचं होतं, तुझा हात चुकीचा नव्हता.' पाठ करावी लागतील अशी ही वाक्यं नाहीत. तरी मी अडीच तास ती पाठ करत होते.

सुनंदा गॅलरीत बसली होती. तिन्ही कुंड्या तशाच ओळीने ठेवलेल्या, त्यांत वाळलेल्या काड्या. शेजारी दुपट्यांची घडी, बांधून ठेवलेली, कुणाला तरी देऊन टाकायला. मी तिच्याजवळ बसले. तिने मला चहा विचारला. मग आपणच बोलायला लागली, शांतपणे, जणू बाजारातली हकिगत सांगावी.

"माह्या पोटचे दोन गेले अक्का. म्हनलं, पोटाचा दोष असंल, हाताचा तं नाही. म्हून झाड लावून पाहिलं. एकदा नाही, तीन डाव. तुम्ही सांगतलं तसंच केलं, तरी गेलं."

तिने दुपट्यांची घडी जरा बाजूला सरकवली.

"झाडाचं जाऊ द्या, दुसरं आनता येतं. कोनाचं लेकरू आनू अन् तेबी माह्या हातात..." तिने वाक्य सोडून दिलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. वडीलधाऱ्या माणसाकडून खातरी करून घ्यावी, तसं तिने विचारलं, "तुम्हीच म्हनल्या ना अक्का, काहींच्या हाताले नसतं म्हून. खरंच हाय ना ते?"

मला तेव्हा कळलं की ती झाडं काय होती. मी समजत होते हौस आहे. ती परीक्षा घेत होती, स्वतःची. लेकरू घरात आणायच्या आधी स्वतःचे हात तपासून पाहत होती. आणि तीनही वेळा तिला नापास केलं ते मी.

तिने सरळ प्रश्न विचारला होता. समोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत. आयुष्यात माणसाला इतकी सोपी संधी किती वेळा मिळते? 'नाही' म्हणायचं होतं. नुसतं 'नाही, खरं नाही' एवढं म्हटलं असतं, कारण न सांगता म्हटलं असतं, तरी कदाचित चाललं असतं.

मी मान हलवली. नाही अशी नव्हे. तुम्हाला माहीत आहे तशी, आपण हलवतो ना — होही नाही, नाहीही नाही, दुःखात सहभागी असल्यासारखी. तिने ती 'हो' धरली. धरणारच. मी ती तशी धरली जावी अशीच हलवली होती.

मग मी चहा प्यायले. आत जाऊन प्रकाशभाऊंना सांगितलं, जबरदस्ती करू नका, तिच्या मनाची तयारी नाही. ते खुर्चीत बसले होते. म्हणाले, "बरं, वहिनी. तुम्ही एवढ्या लांबून आलात." त्यांनी मला बसस्टँडवर सोडलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. मी घरी आले तेव्हा हे म्हणाले, प्रयत्न केलास ना, झालं तर मग. मी म्हटलं, हो, केला.

त्या मुलीला दुसरं घर मिळालं असेल. असणारच. ती आता मोठी झाली असेल, कुठेतरी शिकत असेल, तिला यातलं काहीच ठाऊक नसेल. तिच्याबद्दल मी एवढाच विचार करू शकते. धुळ्याच्या घरी पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. प्रकाशभाऊंनी फाइल कपाटावर ठेवली. सासूबाई गेल्या. सुनंदा आता पन्नाशीची आहे.

तुम्ही विचाराल, मग नंतर तरी का नाही सांगितलं? इतकी वर्षं होती. मी पण हे स्वतःला विचारते. पहिली दोन-तीन वर्षं रोज वाटायचं, सांगावं, अजून वेळ आहे, अजून एक मूल मिळू शकेल. प्रत्येक दिवाळीला वाटायचं, भाऊबीज झाली की सांगते. मग वेळ गेली, आणि मला वाटायला लागलं, आता सांगून तिला काय मिळणार? एवढंच कळणार की तिचे हात चांगले होते, आणि ते चांगले असूनही घर रिकामं राहिलं, ते जावेच्या मत्सरापायी. हे कळण्यापेक्षा न कळलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं. तिच्या वतीने. पण खरं सांगू? मला तिची भीती वाटत नाही. ती मला बोलणार नाही, मला माहीत आहे. ती माझ्यासाठी चहा ठेवील. त्याचीच भीती वाटते.

धुळ्याच्या त्या दिवसापासून मी कुणालाही रोझमेरीबद्दल खोटं सांगितलेलं नाही. जो विचारील त्याला सगळं सांगते, वाळू, विटा, बोट घालून बघणं, सगळं. रोपाबरोबर कागदावर लिहूनही देते. कॉलनीतल्या नऊ-दहा घरांत माझी रोझमेरी आहे आणि एकही मेलेली नाही. लोक म्हणतात, काकूंचं मन मोठं आहे, काही हातचं राखून ठेवत नाहीत.

यंदाच्या थंडीत माझ्या नातीचं बारसं झालं. धाकट्याची मुलगी. सुनंदा दोन दिवस आधी आली, सगळा स्वयंपाक तिने हातात घेतला. साठ माणसांची शेवभाजी, एकाही माणसाने नावं ठेवली नाहीत. पाळणा सजवला तोही तिनेच. दुपारी बायका जमल्या. आमच्यात पाळण्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहतात, आणि बाळाला पाळण्याखालून पलीकडे देतात, वरून परत घेतात. आजी म्हणून बाळ माझ्या हातात होतं. समोर बघितलं तर सुनंदा उभी होती. तिथे तिला कुणी उभं केलं माहीत नाही, गर्दीत सरकत सरकत आली असेल.

मी वाकून बाळ पाळण्याखालून पुढे केलं. पलीकडून हात आले नाहीत.

मी वर बघितलं. सुनंदा हसत होती, अगदी कौतुकाने बाळाकडे बघत होती, आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते. "दुसऱ्या कोनाच्या हातात द्या अक्का," ती हळूच म्हणाली, "सोन्यासारखं लेकरू हाय." आणि शेजारच्या बाईला पुढे करून स्वतः मागे सरकली. कुणीतरी कुजबुजलं, बिचारीला वाईट वाटत असेल, मूल नाही ना. तिला वाईट वाटत नव्हतं. ती काळजी घेत होती. माझ्या नातीला ती स्वतःपासून जपत होती.

माझ्या हातात बाळ होतं, तोंड मोकळं होतं. सगळ्या घरासमोर, सगळ्या बायकांसमोर मी बोलू शकले असते.

मी बाळ शेजारच्या बाईच्या हातात दिलं.